गोठ्यातलं गोळीपेंडीचं यंत्र

“हत्ती सावलीत आन् गाय उन्हात. झकास कारभार!”

माझ्या अंगावर रचून ठेवलेल्या गोवऱ्या उचलता उचलता गोजरबाई पुटपुटली. अगदी हळू. बाहेर ओट्यावर तिचे मालक बसले होते, त्यांना ऐकू जाऊ नये इतकं हळू. मला मात्र ऐकू आलं, कारण तिचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

मित्रांनो, तो हत्ती म्हणजे मी. मी एक जुनं, गुरांची गोळीपेंड तयार करणारं यंत्र आहे. कोंडा, भरडलेला मका, शेंगदाण्याची पेंड आणि साखर कारखान्यातली चिकट मळी असं सगळं कालवून माझ्या तोंडात टाकायचं. माझ्या पोटात एक जाडजूड पोलादी कडं आहे, त्याला शेकडो भोकं आहेत. आत दोन रूळ फिरतात, ते हे कालवण भोकांतून दाबून बाहेर काढतात. बाहेर पडते ती बोटाच्या पेराएवढी गरम, चकचकीत गोळी. जनावरं ती आवडीनं खातात. कोंडा उडत नाही, मका निवडून खाता येत नाही, दावणीखाली काही सांडत नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका मोठ्या पशुखाद्याच्या गिरणीत गेलो. तिथं मी आठ वर्षं राबलो. तासाला पंधरा पोती, दोन पाळ्या. माझं कडं कधी थंड होत नसे. “हे यंत्र म्हणजे बैलजोडी आहे,” असं तिथला मुकादम म्हणे, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारी. पुढं ती गिरणी बंद पडली आणि एकाहत्तर साली आमचा लिलाव झाला.

लिलावात माझ्या शेजारी माझाच धाकटा भाऊ उभा होता. माझ्या गुडघ्याएवढा. तासाला एक पोतं करणारा. विहिरीवरच्या मोटारीवरसुद्धा चालला असता बिचारा. बेलापूरच्या बाजूहून सहादेव नावाचे शेतकरी आले, गोजरबाईचे मालक. उंच, देखणे, बोलायला गोड. त्यांनी हातातल्या काठीनं माझी उंची मोजली, रुंदी मोजली, पायाचा चौथरा मोजला. धाकट्याकडं पाहिलं आणि हसले. “हे काय, पोरींच्या भातुकलीचं हाय,” म्हणाले.

माझं सगळं मोजलं त्यांनी. आपल्या दावणीची तोंडं तेवढी मोजली नाहीत. ती आठ होती.

पण सहादेव काही अडाणी नव्हते, मित्रांनो. त्यांनी हिशेब केलेला होता. लिलावाला येण्याआधी ते गावच्या पारावर उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना विचारलं, “मी मशीन आनलं, तर तुमी आपल्या जनावरांचं खाद्य माझ्याकडं करनार का?” त्या गावाची एक रीत आहे. कुणी काही नवं करायला निघाला, की त्या दिवशी त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. शुभ बोलायचं. तीस घरांनी ‘व्हय’ म्हटलं. कुणी चार जनावरं सांगितली, कुणी सहा. ज्यांच्याकडं शेळीच होती त्यांनीही पुढच्या साली घेणार असलेली गाय धरून सांगितली. बेरीज दीडशेच्या वर गेली. सहादेवांनी त्या बेरजेच्या मापानं मला निवडलं.

मी ट्रकमधून आलो तेव्हा गाव गोळा झालं. गोठ्याच्या दारातून मी आत जाईना. मग भिंत पाडली, ओंडक्यांवरून मला आत सरकवलं आणि भिंत पुन्हा बांधून काढली. मला फिरवायला त्या घरात काहीच नव्हतं, म्हणून भिंतीला एक भोक ठेवलं. बाहेर चुलतभाऊ सूर्यभान याचा ट्रॅक्टर उभा करायचा आणि त्याचा पट्टा त्या भोकातून माझ्या चाकावर चढवायचा. तेव्हापासून मी या चार भिंतींच्या आत आहे. ते भोक हीच माझी खिडकी. तिच्यातून मला अंगण दिसतं, लिंबाचं झाड दिसतं, आणि माझ्यामुळं गोठ्यातून बाहेर निघालेली आठ जनावरं दिसतात.

पहिल्या दिवशी नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी रंगुबाई आली. तीन घरं सोडून राहायची, एक गाय होती तिची. दिलेला शब्द पाळायला ती टोपलंभर कोंडा घेऊन आली. सूर्यभाननं ट्रॅक्टर सुरू केला. टोपलं माझ्या तोंडात रिकामं झालं. आता माझी अडचण अशी, की माझं कडं तापल्याशिवाय गोळी बांधली जात नाही. अंग तापायलाच मला दोन पोती लागतात. रंगुबाईनं पदर पसरला. त्यात पसाभर गोळ्या पडल्या.

“माझा बाकीचा कोंडा?” तिनं विचारलं.

“मशिनीत हाय,” सूर्यभान म्हणाला.

“मंग कवा देनार ती?”

“ती देत नसती काकू, ती खाती.”

रंगुबाई हसली. सहादेवांकडं बघून म्हणाली, “गुनाचं हाय हो यंत्र. लई चांगलं हाय.” आणि पसाभर गोळ्या घेऊन गेली, ती पुन्हा कोंडा घेऊन आली नाही. तिच्या मागून कुणीच आलं नाही. भेटल्यावर मात्र सगळे विचारत, “काय म्हनतंय मशीन?” सहादेव म्हणत, “झकास!”

पुढं काय झालं ते सांगतो. सूर्यभानचा ट्रॅक्टर महिन्यातून एकदा मोकळा मिळे. तासभर चाललो, की मी पंधरा पोती टाकून मोकळा. आठ जनावरांना ती महिनाभर पुरत. त्यातही सूर्यभानची घाई, म्हणून गोळ्या गार व्हायच्या आत पोत्यांत भरल्या जात. गरम गोळीला आत घाम येतो. पंधरा दिवसांत पोत्याच्या बुडाला हिरवट बुरशी धरे. इकडं माझ्या पोटात राहिलेलं कालवण वाळून दगड होई. पुढच्या महिन्यात एकेक भोक खिळ्यानं ठोकून मोकळं करायचं.

नगरहून गहिनीनाथ मिस्त्री आले. तीनदा आले. पहिल्याच वेळी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, भोकातून बाहेर दावणीकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. मला दिसलं तसं. पण पुढ्यात पुरणपोळीचं ताट आलं. ते म्हणाले, “पट्टा ढिला आहे.” दुसऱ्यांदा म्हणाले, “रूळ झिजलेत.” तिसऱ्यांदा त्यांनी माझं वंगण बदललं. सहादेवांची आई मनकर्णा म्हणाली, “दिष्ट लागली मशिनीला,” आणि माझ्या मानेला काळी बाहुली बांधली. खंडेनवमीला माझी पूजा झाली. झेंडू, आपटा, हळदीकुंकू. सगळ्यांनी मला हात जोडले. पण मी खराब निघालो, हे एव्हाना सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मित्रांनो, बंद असण्याचं दुःख मी सोसलं असतं. पण धडधाकट असताना रोगी ठरवलं जाणं फार जड जातं. माझ्यात एकही बिघाड नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटे, की बाबांनो, यंत्र निवडताना आधी रोज किती चारायचं ते मोजा. जे यंत्र रोज तास-दोन तास चालेल आणि त्याची गोळी आठवडाभरात संपेल, ते तुमच्या मापाचं. उद्या येणाऱ्या गाईंसाठी आज यंत्र घेऊ नका, उद्या तेही घेता येईल. आणि घेतलंच, तर त्याला रोज काम द्या, रोज पुसा. आम्ही कामानं झिजत नाही तेवढे बसून झिजतो. पण पट्टा चढल्याशिवाय मला आवाजच फुटत नाही, आणि पट्टा चढला की माझ्या आवाजात कुणाचंच काही ऐकू येत नाही.

त्या आठांत मोगरी नावाची एक गाय होती. गोजरबाईनं तिला वासरू असल्यापासून वाढवलेली, संकरित, नाजूक कातडीची. त्र्याहत्तरच्या फाल्गुनात ती पहिल्यांदा गाभण होती, दिवस भरत आलेले. आदल्या साली पाऊस नव्हता, चारा मिळत नव्हता, म्हणून बुरशीची पोतीही झटकून चारली जात होती. लिंबाची पानं झडून गेलेली. मोगरी काड्यांच्या सावलीत उभी असे. गोजरबाई दुपारी तिच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकी, ते घटकाभरात वाळे. मग मोगरीनं खाणं सोडलं. चौथ्या दिवशी तिचं पोट फुगलं आणि ती खाली बसली.

बेलापूरहून गुरांचे डॉक्टर नृसिंहराव सायकलवर आले. त्यांनी मोगरीला औषध पाजलं, सुई दिली. मग एक गोळी फोडून नाकाशी धरली.

“ही पेंड आजपासून बंद. आणि हिला आत बांधा, सावलीत. अशी उन्हात राहिली तर वासरूही जाईल आणि गायही. गोठा कुठं आहे तुमचा?”

गोजरबाईनं मोगरीचं तोंड मांडीवर घेतलं होतं, ती गाईचे कान चोळत राहिली. डॉक्टरांनी इकडं तिकडं पाहिलं. मग ते भिंतीपाशी आले आणि भोकातून आत डोकावले. त्यांचा डोळा माझ्यासमोर आला. तो बराच वेळ तिथंच राहिला.

“साहेब, मशिनीत जरा बिघाड हाय,” सहादेव म्हणाले. “गोळी कच्ची निघती. मिस्त्रीला सांगावा धाडलाय.”

“किती जनावरं आहेत तुमची?”

“आठ.”

डॉक्टर पुढं काही बोलणार होते. तेवढ्यात चहाची कपबशी त्यांच्या हातात आली आणि ते चहा पिऊ लागले.

“पट्टा नवा घालू, दादा,” सूर्यभान म्हणाला. “पट्ट्यानंच घोळ हाय सगळा.”

“बाहुली जुनी झाली,” मनकर्णा म्हणाली. “उद्या दुसरी बांधते.”

सहादेव बायकोकडं वळले. “तू का गप हाईस? तू बी बोल की काय तरी.”

गोजरबाईनं मान वर केली नाही. “मी काय बोलू? मला मशिनीतलं काय कळतंय? ही पान्याला बी तोंड लावंना, येवढं कळतंय.”

मोगरीनं एकदा कण्हून तोंड पुन्हा तिच्या मांडीवर टेकलं.

सहादेव घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पहार होती. ते थेट माझ्या भिंतीपाशी आले आणि त्यांनी भोकाच्या कडेला पहार घातली. पहिली वीट आत, माझ्या पायाशी पडली. तिच्यामागून उजेड आला.

मनकर्णा धावली. “आरं सहादेवा, भित का पाडतोस? गाव काय म्हनंल? मशीन नादुरुस्त हाय तर मिस्त्री करंल की नीट!”

पहार थांबली. सहादेवांचं तोंड माझ्याकडं होतं, पण ते बोलले मोठ्यानं, ओट्यावर, अंगणात, शेजारच्या दारात सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मशीन चांगलं हाय, आय. त्याला काय बी झालं न्हाई. आठ जनावरांच्या घरात मी गावाचं मशीन आनून घातलं. माप माझं चुकलं.”