दोन आखूड हॉर्न

"बताका दिखाओ," तुळशीदास म्हणाला.

समोरच्या पोराने खिसे चाचपल्याचं नाटक केलं. "घर पे है, भाई. एक पाकीट दे दो ना."

"तो घर जाओ."

आखातातल्या सलवा वस्तीत, कॉलेजजवळच्या त्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, बताक्यावरचं, सरकारी ओळखपत्रावरचं, वय पाहिल्याशिवाय कुणाला सिगारेट मिळत नसे. मालक कुरकुरायचा, पोरं शिव्या घालायची. पण वेंगुर्ल्याचा हा गडी बधत नव्हता. नीलावहिनीला त्याचं भारी कौतुक. तिचा सुमेध त्याच कॉलेजात होता.

नीला नर्स, नवरा हरिश्चंद्र इस्पितळात टेक्निशियन. दोघं त्याच्याच गावाकडची. दर शुक्रवारी, सुटीच्या दुपारी, तुळशीदास त्यांच्याकडे जेवायला असे. पाच-सहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला घर म्हणून तेवढंच होतं.

बकाल्याची रीत अशी, की गिऱ्हाइकाने गाडीतूनच हॉर्न वाजवायचा आणि नोकराने उन्हात माल घेऊन धावायचं. दोन आखूड हॉर्न म्हणजे हरीदादा, हे न बघताही कळे. दादाने सिगारेट सोडल्याचं जाहीर केलं आणि महिन्याभरात तेच हॉर्न पुन्हा वाजू लागले, तेव्हा तुळशीदास मनात हसला. काळी काच चार बोटं खाली यायची, हात बाहेर यायचा. तो पाकीट द्यायचा आणि शुक्रवारी वहिनीसमोर अवाक्षर काढायचा नाही. दादाची अब्रू राखायला नको?

एके दिवशी नीला ड्यूटीच्या कपड्यांतच दुकानात आली. तिने काउंटरवर पाकीट ठेवलं.

"सुमेधच्या बॅगेत गावलां. तूच दिलंस मां?"

"नाय वयनी! मी हरीदादाक..." तो थांबला. बापाशेजारी बसून ते हॉर्न ऐकतच सुमेध मोठा झाला होता, आणि आता तीच गाडी घेऊन कॉलेजला येत होता.

"त्यांनी सोडली ती सोडली. गाडीक वास येता म्हणान मी त्यांच्याशीच भांडत रवलंय. जगाकडे बताको मागतंस, आमच्याच पोराकडे कित्याक नाय?"

"काच काळी, वयनी. माका वाटलां दादाच..."

"आणि माझ्यासमोर बसान जेवलंस. एकदा तरी माका सांगूक होयां होतां."

तिने आवाज चढवला नाही. तेच त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजले. तुळशीदास रिकाम्या हाताने गेला.

"बताका."

"अंकल, प्लीज. जस्ट वन."

"बताका दाखव, सुमेध."

गाडी निघून गेली.

शुक्रवारी त्याने अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, येऊ नको असंही नाही. तो खाटेवर बराच वेळ बसून राहिला. खोलीतल्यांचा भात झाला, तेव्हा त्याने सदरा काढून खुंटीला टांगला आणि पंगतीत सरकून जागा करून घेतली.