जमीन नसलेला ग्रह

बाबांनी जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, आणि साठी उलटल्यावर त्यांच्याच पायाखालची जमीन डोलायला लागली. कानाचा आजार आहे, हळूहळू उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. पण उठलं की खोली गरगरायची. बाबा आधी चिडचिडे झाले, मग गप्पच झाले.

लेक तारांगणात निवेदन करायची. घरी एकटं सोडवेना म्हणून एका दुपारी ती त्यांना बरोबर घेऊन गेली. सभागृह अजून रिकामं होतं. तिने त्यांना मागे कलणाऱ्या खुर्चीत बसवलं, दिवे मालवले आणि घुमटावर शनी आणला. आधी कडी दिसली, मग चित्र सावकाश पिवळसर ढगांत शिरलं.

जमीन किती खोल आहे, असं बाबांनी विचारलं. तिने सांगितलं, जमीन नाहीच. ढगांखाली ढग, त्याखाली दाट होत जाणारा, तापत जाणारा वायू. माणूस कधी राहिलाच, तर वरच्या थरात, तापवलेल्या वायूच्या अवाढव्य फुग्याला घर टांगून. श्वासापुरती हवा इथूनच न्यायची. जमेल की नाही, हे आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही.

"आणि वजन?"

"जवळपास इथल्याएवढंच."

"म्हणजे ओळंब्याचा दोरा सरळ लोंबेल."

"लोंबेल की. पण घर टेकणार कशावर?"

बाबा बघत राहिले. घुमटावर आता फुग्यांना टांगलेली घरं ढगांतून संथ वाहत होती, खिडक्यांत दिवे होते. शेजारचं घर तरंगत जवळ आलं, खिडकीतून कोणीतरी हात हलवला आणि ते घर पुन्हा धुक्यात गेलं.

"तिथे सगळ्यांचीच घरं डोलणार," बाबा म्हणाले. "मग कोणी कोणाला आजारी म्हणणार नाही."

लेकीने एक घर त्यांच्यासाठी आणखी जवळ आणलं. बाबांनी ते न्याहाळलं.

"फरशी मात्र हलकी लागेल. बघू, बसवीन मी."

बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. प्रेक्षक आले तरी तिला त्यांना उठववेना. ढग पुन्हा घुमटावर आले, तेव्हा अंधारात संथ घोरणं ऐकू येत होतं. हा तिथला वारा का, असं एका मुलीने आईला विचारलं. आई हो म्हणाली. लेकीने हसू गिळलं आणि निवेदन पुढे नेलं.

खेळ संपल्यावर चक्कर आलीच. बाबा खुर्चीतच थांबले आणि ती ओसरेपर्यंत लेकीला विचारत राहिले, की ते फुगे तापवायचे कशावर.