शेवाळाखालचं नाव

त्या शेवाळातून सरांना तीन गोष्टी मिळवायच्या होत्या: वनस्पती-संग्रहालयाचं संचालकपद, शेवाळाच्या शास्त्रीय नावाला जोडलेलं स्वतःचं आडनाव, आणि चारचौघांत सांगायला एक किस्सा. आड येत होती एक बाई.

तिला सगळे चिमटाबाई म्हणत. वाळलेली पानं-फुलं कागदावर बसवणं हे तिचं काम. चिमटा सतत हातात, आणि जिभेलाही एक बसवलेला. नोकरी करारावर, दरवर्षी नव्यानं. कामावर येताना बंद लाँड्रीमागच्या दगडी टाकीत तिला केसांसारखं बारीक हिरवं शेवाळ दिसलं. जेवणाच्या डब्यात घालून तिनं ते आणलं. सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की असलं शेवाळ कुठल्याच यादीत नाही. त्या दिवसापासून सर "आपलं शेवाळ" म्हणू लागले.

उद्या बाहेरून शेवाळाच्या तज्ज्ञबाई नमुना तपासायला येणार, तर आज सर नवं लेबल टाइप करूनच घेऊन आले. 'गोळा करणारे' याच्यापुढे त्यांचं नाव.

"बाई, हे जुन्या लेबलावर चिकटवा."

"लेबलाचं सोडा. कागदावरच्या नावाचं काय करायचं?"

"कागदावर कुठलं नाव?"

तिनं कागद उजेडात धरला. शेवाळ कुणी डिंकानं चिकटवत नाही. ट्रेमधल्या पाण्यावर ते तरंगू द्यायचं, खालून कागद सरकवायचा, अलगद उचलायचा. वाळताना ते आपलं आपण कागदाला धरतं. ट्रेमध्ये कागदांची अदलाबदल होऊ नये म्हणून आधीच त्यावर गोळा करणाऱ्याचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवतात. शाई पसरते, पेन्सिल नाही. हिरव्या जाळीखाली चिमटाबाईचं नाव होतं.

"खोडा."

"खोडलं तर शेवाळ जाईल."

"मग भिजवून दुसऱ्या कागदावर घ्या. निघेल ना?"

"निघेल की."

"मग काढा."

"नाही काढणार."

सरांनी खुर्ची जवळ ओढली. साहेब खुर्ची जवळ ओढतो तेव्हा काहीतरी द्यायला निघालेला असतो. "करार या महिन्यात संपतोय तुमचा. कायम करून टाकू. नाव ठेवून काय करणार आहात, बाई?"

"तुम्ही काय करणार आहात?"

सर उठले आणि त्यांनी स्वतःच पाण्याचा ड्रॉपर घेतला. ओला कागद त्यांनी जन्मात हाताळला नव्हता.

"थेंब मोठा होतोय, सर."

पडायचा तो पडलाच. कोपऱ्यातली जाळी सुटून सरांच्या नखाला चिकटली, आणि खालचं नाव आणखी लख्ख दिसू लागलं. चिमटाबाईनं कागद ओढून घेतला, वर मलमलीचं कापड टाकलं आणि वजन ठेवलं. लेबल मात्र सरांनी जाताना स्वतःच्या हातानं चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञबाईंनी भिंगातून आधी लेबल वाचलं, मग कागद.

"इथे दुसरंच नाव आहे. कुणाचं?"

"आमच्या मदतनीस बाईंचं," सर म्हणाले.

"माझं," चिमटाबाई म्हणाली. "शेवाळ मी आणलं. सरांना म्हणावं, टाकी दाखवा. चालत दहा मिनिटं आहे."

सर रुमाल शोधू लागले. तज्ज्ञबाईंनी पेन काढून टाइप केलेल्या नावावर सरळ रेघ मारली.

शेवाळाची बोटभर जाळी गेली. सरांचं संचालकपद हुकलं, शेवाळाला जोडायचं आडनावही. किस्सा मिळाला, पण तो आता बाकीचे सांगतात. चिमटाबाईचा करार पुढे वाढवला गेला नाही. कागद कपाटात आहे, तिच्या नावासकट. सगळ्यात जास्त किंमत तिनंच मोजली, आणि घासाघीस केली नाही.