हातावर उठलेलं नाव

मारुतीच्या पारासमोर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. तेलंगणातल्या बेल्याजवळच्या या गावात बाया कापूस वेचायचा सोडून आल्या होत्या, पोरं मोटारसायकलींवर उभी राहून माना उंचावत होती. देव माणसाच्या हातावर लिहितो म्हटल्यावर घरी कोण बसेल? पारावर काटेवाले बाबा बसले होते आणि त्यांच्यापुढे हात पसरून सुनयना.

"कागद खोटा, शिक्का खोटा," बाबा सांगत होते. "पर कातडी? कातडी म्हंजे देवाच्या दफ्तरातली नक्कल. अर्ज नाही, चकरा नाही. बसल्या जागी भेटते."

पैनगंगेपलीकडून आलेल्या या महात्म्यानं आल्या दिवशीच गावातल्या दहा बायांची नाडी पाहिली होती. नऊजणींत देव उतरेना, सुनयनात उतरला. आता तिचा हात हळदीच्या ओल्या फडक्याखाली घेऊन त्यांनी बाभळीचा काटा आत नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ पुटपुटले. फडकं काढलं तेव्हा हात कोराच होता. बाबा म्हणाले, थांबा. लोक थांबले. जरा वेळानं कातडीवर लाल रेघा फुगून वर आल्या आणि पुढं बसलेल्या कुणीतरी वाचलं: सखू.

सखूबाई म्हणजे सुनयनाच्या शेजारची विधवा. मागच्या संक्रांतीला तिच्याकडचा तिळाचा लाडू खाऊन सुनयनाचा चार वर्षांचा भूषण गेला. ओठ सुजले, श्वास अडकला, आदिलाबादच्या वाटेवरच सगळं संपलं. तेव्हापासून गाव दबक्या आवाजात करणी म्हणत होतं. आता देवानंच सही केल्यावर आवाज दबका ठेवायचं कारण उरलं नाही.

"करनी आत येऊ नये म्हनून सोमवारी बाबा मंत्रानं गावाची शीव बांधनार हायेत," लक्ष्मणराव म्हणाले. गावात त्यांचा शब्द चाले. "त्याच्या आत सखूबाईनं गाव सोडावं."

सखूबाई गर्दीच्या कडेला उभी होती. ती भांडली नाही. "मी कुठं जाऊ?" एवढंच म्हणाली, तेही कुणाकडे न बघता.

सुनयनानं ते ऐकलं. तिला वाईट वाटायला हवं होतं, नाहीतर बरं तरी. काहीच वाटलं नाही. वर्षभर हे असंच चाललं होतं. भाकरी थापताना बोट भाजलं तरी उशिरा कळायचं. पूर्वी सगळे तिला भूषणची माय म्हणायचे. आता हाक मारताना लोक अडखळत, आणि तिला त्याचंही काही नव्हतं. अंगावर पित्त मात्र उठायचं, खाज सुटायची.

त्या पित्तासाठीच तिचा नवरा माणिकराव गुरुवारी तिला आदिलाबादच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथली डॉक्टरीणबाई तेलुगू होती, मराठी ती पेशंटांकडून शिकली होती. कुणाला कुठलं अन्न बाधतं, कुणाला कुठल्या झाडाचे पराग, याचा ती अभ्यास करत होती. तिनं सुनयनाच्या हातावर ओळीनं आठ थेंब टाकले. शेंगदाणा, तीळ, दूध, गाजरगवताचे पराग, असं काय काय. प्रत्येक थेंबात सुईनं हलकेच टोचलं. पंधरा मिनिटांनी आठही जागी गाठी आल्या.

"म्हंजे मले समदंच बाधते?"

"नाही. हा शेवटचा थेंब बघा. यात नुसतं मिठाचं पाणी आहे. त्यानं गाठ यायला नको. तपासणीच खोटं बोलत असेल तर पकडायला आम्ही तो मुद्दाम टाकतो." तिनं पेनाचं टोपण सुनयनाच्या मनगटाजवळ ओढलं. थोड्या वेळात तिथंही लाल, फुगीर रेघ उठली. "शंभरात दोन-चार जणांची कातडी अशी असते. ओरखडा पडला की आतल्या पेशी रसायन सोडतात, तेवढ्यापुरती सूज येते, अर्ध्या तासात जाते. या गाठी वाचून मी काही सांगितलं तर ती थाप होईल. आपण रक्त तपासू."

सुनयना त्या रेघेकडे बघत राहिली. फडक्याखाली काटा फिरला होता. तिला तो लागलाही होता, अक्षराच्या वळणासकट. लक्ष द्यावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

मग तिनं भूषणचं सांगितलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आधी कधी ओठ सुजले होते?"

"तिळाची चटनी खाल्ली का सुजायचे. दोनदा झालं. पित्त म्हनून मी गेरू लावला."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "आता खात्रीनं सांगता येणार नाही. तपासायला तो नाही. पण हे तिळानंच झालेलं दिसतं. लाडू कुणी दिला याचा त्यात काही संबंध नाही."

सोमवारी पार पुन्हा भरला. सखूबाईचं बोचकं बांधून दारात ठेवलेलं होतं. बाबांनी फडकं भिजवून सुनयनाचा हात मागितला.

"आज फडकं नको," ती म्हणाली.

"माई, मंत्र उघड्यावर चालत नाही. देव लाजते."

"लाजू द्या."

तिनं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि तिच्या बोथट टोकानं सगळ्यांदेखत डाव्या हातावर दोन ओळी लिहिल्या. "काय करून राह्यली तू?" माणिकरावनं विचारलं. "थांबा," ती म्हणाली. लोक थांबले. ती सवय बाबांनीच लावली होती.

वरची ओळ आधी उठली. शाळेतल्या एका पोरीनं ती मोठ्यानं वाचली, "बाबा." मागून एक बाई म्हणाली, "म्हंजे करनी यायनंच केली का वो?" आणि हशा पिकला. बाबांना अचानक देवाचा बुलावा आला असावा. ते काटे गोळा करू लागले.

"अन् खाली काय हाय?" लक्ष्मणराव वाकले. खालची ओळ त्यांनीच वाचली. सुनयना.

"हो," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "माह्या कातडीवर जे लिहिलं ते उठते. दवाखान्यात पान्याचा थेंब टोचला, तो बी उठला. या बाबानं नाडी पाहताना दहा जनींच्या हातावर नख ओढलं, आठवते? माहंच उठलं, म्हनून त्यानं मले धरलं. सखूमायचं नाव त्याले चहाच्या टपरीवर तुमीच पुरवलं असन." ती थांबली. "सखूमायनं लाडू माह्या हातात देल्ला. पोराच्या तोंडात मी घातला. तिळानं त्याचे ओठ सुजतात, हे गावात एकट्या मलेच ठाऊक होतं. मंग नाव कोनाचं उठाले पायजे? हाकला मले."

लक्ष्मणरावांना वर बघवेना. "पोरी, त्यानं जीव जाते हे तुले काय माहीत होतं?"

"नव्हतं. सखूमायले बी नव्हतं."

बाबांची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, पण कुणी वळून पाहिलं नाही.

वाचकहो, डॉक्टरीणबाई आपल्याच तपासणीवर संशय घेते, म्हणून एक थेंब पाण्याचा ठेवते. उद्या कुणी तुम्हाला देवाची सही दाखवली, तर तेवढंच विचारा: तुमचा पाण्याचा थेंब कुठं आहे? तो नसेल तर त्या सहीवर कुणाचं घर उठवू नका. आणि काही खाऊन लेकराचे ओठ सुजले, तर गेरूवर थांबू नका. दवाखाना गाठा.

अर्ध्या तासात दोन्ही नावं पुसट झाली. गर्दी पांगल्यावर सखूबाई पाराजवळ आली, तिनं घागरीतल्या पाण्यात पदर भिजवला आणि सुनयनाच्या हातावर ठेवला.

"लय खाजते का वो?"

"हो," सुनयना म्हणाली. पदर गार होता. तिला तो गार लागला.