पहिल्या रांगेतला हात

टीव्हीवरच्या चर्चेत मागे बसलेली जनता दिसते ना, ती मी. गेली कित्येक वर्षं मी जनता आहे. कधी महागाईवर संतापते, कधी नटीच्या लग्नावर हुरळते. कॅमेऱ्यामागचा फाइलवाला फाइल वर करतो तेव्हा टाळ्या, कानाला हात लावतो तेव्हा हशा. कोण काय बोलतंय ते ऐकायचं नाही, कारण ऐकत बसलं की टाळी उशिरा पडते. आणि खूण हुकलीच, तर पुढच्या माणसाचं बघून करायचं. एवढ्या शिक्षणावर माझं घर चालतं.

त्या दिवशी मी वन्संना सोबत नेलं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. पगार वाढवा म्हणाल्या, तर मालकाने हातात नारळ दिला. तेव्हापासून त्या आमच्या स्वयंपाकघरात झोपतात. त्यांना स्वतःची खोली हवी होती आणि, खोटं कशाला बोलू, मला माझं स्वयंपाकघर. त्यासाठी त्यांना कायमची खुर्ची मिळायला हवी होती. माणसं पुरवणारा ठेकेदार म्हणाला, "आज बघतो. जमलं तर ठेवू, नाहीतर तुझी नणंद तूच सांभाळ."

विषय निघाला, किमान वेतन वाढवावं का. फाइलवाल्याने आम्हाला आधीच मतं वाटून दिली. डावीकडच्यांना वाढ हवी होती, उजवीकडच्यांना नको होती. वन्संचा चेहरा कॅमेऱ्याला आवडला, म्हणून त्यांना उजवीकडे अगदी पहिल्या रांगेत बसवलं, आणि मला त्यांच्या शेजारी.

"वन्सं, ऐकू नका हं," मी बजावलं.

"मी कुठे ऐकतेय?" असं म्हणून त्या कान टवकारून बसल्या.

कामगारांचे पुढारी घसा ताणून बोलले. मग उद्योजक म्हणाले, "पगार वाढवला की माणूस आळशी होतो. आणि या लोकांच्या गरजा असतात तरी किती?"

फाइल वर गेली. आम्ही टाळ्या कुटल्या. वन्संचे हात मांडीवरच. मी कोपराने ढोसलं.

"या बाबाने कधी स्वतःची भाजी तरी आणलीय का गं?" त्या कुजबुजल्या. पण बिस्किटांच्या यंत्राशेजारी आयुष्य गेलेल्या बाईचं कुजबुजणं ते, मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. फाइलवाल्याने कानाला हात लावला नव्हता, तरी लोक हसले. कोपऱ्यातून ठेकेदार माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

शेवटी निवेदिका आमच्याकडे वळली. "वेतन वाढवावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!"

डावीकडचे हात वर गेले. आणि उजवीकडे वन्संचा. तोही भीत भीत नाही, सुटलेली बस थांबवायला करतात तसा. मी ओढून खाली घेतला, तो पुन्हा वर. मागच्यांना वाटलं, खूण आपलीच हुकली. पुढच्या बाईचा हात वर, म्हणजे आपलाही वर. बघता बघता सगळा हॉल हात वर करून बसला. माझाही गेला. सवयीने गेला, असं मी ठेकेदाराला नंतर सांगितलं, पण त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं. ठेकेदाराचाही हात वर होता. त्याला बहुधा हजेरी चाललीय असं वाटलं.

उलट प्रश्नाला कुणीच हलेना. उद्योजक घटाघटा पाणी प्यायले. फाइलवाला पुन्हा घेऊ म्हणत होता, पण दिग्दर्शक म्हणाला, "हात मिळालेत ना? बास. पुढचं मी बघतो."

बाहेर ठेकेदाराने मला गाठलं. "हिला मत ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

मला वाटलं, खोली गेली आणि माझं स्वयंपाकघरही गेलं. वन्सं मात्र घरापर्यंत ताठ मानेने चालत आल्या.

"दिसू दे एकदा टीव्हीवर," त्या म्हणाल्या. "आमचा मालकही बघेल."

रविवारी कार्यक्रम लागला. आम्ही सगळे कामं टाकून बसलो. निवेदिकेने विचारलं, "वेतन वाढवावं असं कुणाला वाटतं?" पडद्यावर आम्ही सगळे ढिम्म, हात मांडीवर. मग तिने विचारलं, "आणि वाढवू नये असं कुणाला वाटतं?" झाडून सगळे हात वर! सगळ्यांत पुढे, पडदाभर, वन्सं.

"जनतेचा कौल स्पष्ट आहे," निवेदिका म्हणाली.

नवऱ्याने टीव्ही बंद केला. "ताई, हे काय गं?"

वन्सं उजवा हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत राहिल्या. मला रडूच आलं, आणि त्या दिग्दर्शकाच्या नावाने तोंडात आल्या तेवढ्या शिव्याही दिल्या.

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. गडी भलताच खूश. "वरून निरोप आलाय. तुझी नणंद आता कायमची, पहिल्या रांगेत. काय हात आहे बाईचा! पैसे मात्र तेवढेच हं."

मी फोनवर तळवा दाबून धरला आणि वन्संना सगळं सांगितलं. त्यांना खोली मिळणार होती. मला ओटा मिळणार होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"येते म्हणावं त्याला," वन्सं म्हणाल्या. "पण हात घरी ठेवून येईन."