चार हजार प्रती

विश्वनाथ सावे मूळचा घोलवडचा. दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून सुटल्यावर चार-पाच वर्षांनी तो सिल्वासात आला आणि तिथल्या आमली भागातल्या एका कौलारू घराच्या पुढच्या खोलीत त्याने 'हवेली वृत्त' हे चार पानी मराठी साप्ताहिक सुरू केलं. मी राजापूरकडचा. १९६२ च्या जूनमध्ये इथल्या मराठी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. विश्वनाथची बायको मंगला त्याच शाळेत शिकवत असे. तिच्यामुळे आमची ओळख झाली, आणि महिन्याभरात मी दर बुधवारी शाळा सुटल्यावर छापखान्यात जाऊन प्रुफं तपासू लागलो. सरकारी नोकराने वर्तमानपत्राचं काम करू नये असा नियम होता. म्हणून माझं नाव कुठेच नसे, आणि ते नसावं याची काळजी विश्वनाथच माझ्यापेक्षा जास्त घेई.

छपाईचे खिळे जुळवायला वसंत होता. खानवेलच्या पुढल्या एका पाड्यावरचा, कोकणा जमातीचा, चौथीपर्यंत शिकलेला, दोन पोरींचा बाप. सोमवारी बसने यायचा, गुरुवारी अंक बांधून झाला की परत जायचा. येताना पाड्यांवरच्या लोकांची गाऱ्हाणी तोंडपाठ करून आणायचा. ती कागदावर लिहिण्याच्या भानगडीत तो पडत नसे. खिळ्यांच्या खणांची लाकडी केस असे, तिच्यापुढे उभा राहायचा, स्वतःशी पुटपुटत थेट खिळ्यांत ओळी बसवायचा. अमक्या पाड्यावर मास्तर दोन महिने आलेला नाही. तमक्या ठिकाणी जंगलखात्याचा शिपाई कोंबड्या मागतो. शेवटचं पान हे असं भरायचं. एकदा देवीच्या साथीबद्दल छापून आलं आणि आठवड्याभरात टोचणारी माणसं खरंच त्या पाड्यावर पोचली. वसंतने तो अंक घरच्या कुडाला चिकटवला होता, असं विश्वनाथ सांगायचा.

पण कागद मिळेना. चीनच्या लढाईनंतर कागदाचा कोटा आणखी आवळला आणि पाचशे प्रतींच्या साप्ताहिकाला कोण विचारतो. दोन अंक चुकले. नेमकं त्याच सुमाराला मुंबईच्या 'सह्यतेज' समूहाचं पत्र आलं.

'सह्यतेज'चं नाव तेव्हा मोठं होतं. दैनिक होतं, सिनेमाचं साप्ताहिक, बायकांचं मासिक, मुलांचं पाक्षिक. ठाण्याला शाईचा कारखाना, गिरगावात छपाईसाठी चित्रांचे ब्लॉक करण्याचा स्टुडिओ, जाहिरातींची एजन्सी, दोन थिएटरं. त्यांच्या पत्राच्या कागदावर डाव्या बाजूला या सगळ्यांची नावं एकाखाली एक छापलेली असत. समूहाचे संस्थापक म्हातारे झाले होते आणि गावोगावची साप्ताहिकं विकत घ्यायचा त्यांना नाद लागला होता. 'हवेली वृत्त' त्यांनी घेतलं, म्हणजे नाव, मशीन, खिळे, सगळं. विश्वनाथ संपादक म्हणून पगारावर राहिला. मुद्रक आणि प्रकाशक म्हणून सरकारी कागदांवर त्याचंच नाव कायम ठेवलं. तेव्हा तो त्याला मान वाटला. नव्या पत्रावर सतरावं नाव 'हवेली वृत्त, सिल्वासा' असं छापून आलं, तेव्हा त्याने तो कागद शाळेत आणून मला आणि मंगलावहिनींना दाखवला. वहिनी म्हणाल्या की थिएटराच्या खाली आपलं नाव आहे, म्हणजे आपण काय समजायचं? तो हसला.

पहिली दोन वर्षं बरी गेली. कागद वेळेवर येई. दर वर्षी सरकारकडे प्रतींचं विवरण भरून पाठवावं लागतं, ते १९६५ साली मुंबईहून टाइप करूनच आलं. प्रती चार हजार. आम्ही छापत होतो सहाशे. फॉर्म घेऊन श्रीकांत दिघे आले होते. मुख्य कचेरीत मराठी साप्ताहिकांचं काम ते बघत. गोड बोलायचे. त्यांनी समजावलं की चार हजारांचा कोटा मंजूर होईल, सिल्वासाला लागेल तेवढा कागद इथे येईल, उरलेला दैनिकाला वापरता येईल. सगळीकडे असंच चालतं. दैनिक जगलं तरच साप्ताहिकं जगतील.

विश्वनाथने त्यांना वापीला गाडीत बसवून दिलं आणि फॉर्म घेऊन तडक माझ्याकडे आला. माझ्या खोलीच्या पायरीवर बसून त्याने तो मला वाचायला दिला. सही त्याची लागणार होती.

"मास्तर, काय करू?" त्याने विचारलं.

मी तेव्हा काय म्हणालो ते मला अगदी शब्दाशब्दानिशी आठवतं. मी म्हणालो, "कर सही. बंद पडण्यापेक्षा बरं."

त्याने माझ्याच पेनाने सही केली. पुढची दोन वर्षंही केली. तेव्हा मला विचारायला आला नाही.

सहासष्टच्या दिवाळीत संस्थापक वारले. दोन मुलगे आणि एक जावई, तिघांचं पटेना. कारखाना जावयाकडे गेला आणि त्याने तो विकला. थिएटरं थोरल्याने घेतली. मुलांचं पाक्षिक बंद झाल्याची चौकट दैनिकात आली, ती विश्वनाथने दिवसभरात तीनदा वाचली. कारण त्या पाक्षिकाचे संपादक त्याच्यासारखेच आपलं पाक्षिक घेऊन समूहात आलेले होते. मुंबईची पत्रं येत राहिली आणि प्रत्येक पत्रावर डावीकडची यादी आखूड होत गेली. सतराची तेरा, तेराची नऊ. अडुसष्टच्या फेब्रुवारीत शाईच्या डब्यांबद्दल एक साधं पत्र आलं. त्याच्यावर पाचच नावं होती आणि 'हवेली वृत्त' त्यांत नव्हतं.

छापणाऱ्याची चूक असेल, असं मी म्हटलं. त्याने दोन पत्रं लिहिली, एक तार केली. उत्तर नाही. शेवटी तो स्वतः मुंबईला गेला.

तिथे काय झालं ते त्याने परत आल्यावर वहिनींसमोर मला सांगितलं. कचेरीत अर्ध्या टेबलांवर माणसं नव्हती. दिघे स्वतःच्या खणातल्या वस्तू पिशवीत भरत होते, त्यांचा विभागच उठला होता. 'हवेली वृत्त' तीन महिन्यांपूर्वी अहमदाबादच्या एका व्यापारी मंडळीला विकलं गेलं होतं. त्या मंडळीला सिल्वासाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवं होतं नोंदलेलं नाव, आणि त्या नावावरचा चार हजार प्रतींचा कागद.

"आणि माझं काय?" असं विश्वनाथने विचारलं.

दिघ्यांनी पिशवी खाली ठेवली. "सावे, साप्ताहिक विकलं. तुमच्याबद्दल त्या कागदांत काही लिहिलेलंच नाही," ते म्हणाले. मग त्याला खालच्या हॉटेलात घेऊन गेले आणि चहा पाजला. पुढे कुठे काम करणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये ट्रक आला. बुधवार होता, मी प्रुफांसाठी गेलो होतो. चार माणसं आणि एक मुकादम. मुकादमाकडे सामानाची यादी होती. तो वाईट माणूस नव्हता. विश्वनाथला भाई म्हणत होता. मशीन उचलायला त्यांनी फळ्या लावल्या. वसंत केसपुढे उभा होता, त्या आठवड्याचं शेवटचं पान जवळजवळ जुळवून झालं होतं. त्याने मुकादमाला विनवलं की एवढं एक पान काढू द्या, दोन तास लागतील. मुकादमाला त्याची भाषा अर्धीच कळली. तो म्हणाला की मशीन तर खोललं, आता कशावर काढणार? आणि ते खरं होतं.

मग त्यांनी केसचे खण एकामागून एक गोणपाटात उपडे केले. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, सगळं एकत्र. त्यांना ते फक्त शिसं होतं, वजनावर जाणारं. जुळवलेलं पानही मुकादमाने दोरी सोडून त्याच गोणीत ओतलं.  वसंत खाली बसला आणि फरशीवर सांडलेले खिळे वेचू लागला. वेचलेले त्याने खिशात घातले नाहीत, मुठीने उचलून गोणीतच टाकले. पाच वाजता खोली रिकामी झाली. वसंत संध्याकाळच्या बसने खानवेलला गेला. पुढे तो सागाच्या वखारीत लाकडं मोजायच्या कामाला लागला, असं कानावर आलं.

इथवर जे झालं ते सोसण्यासारखं होतं. विश्वनाथ घरी बसला, पण वहिनींची नोकरी होती. दुसऱ्या नावाने एखादं पत्रक काढावं असं तो बोलूही लागला होता. एप्रिलच्या मध्याला दिल्लीहून वर्तमानपत्रांच्या खात्याचा एक अधिकारी आला. अहमदाबादच्या मंडळीच्या कोट्याच्या कागदाबद्दल तक्रार झाली होती आणि तिचे धागे शोधत तो मागे मागे येत होता. चार हजार प्रती छापल्या म्हणून तीन वर्षं ज्याने सही केली, तो माणूस कोण? मुंबईहून लेखी उत्तर आलं की सदर साप्ताहिकाशी समूहाचा आता काहीही संबंध नाही आणि पूर्वीची विवरणं स्थानिक प्रकाशकाने स्वतःच्या जबाबदारीवर भरलेली आहेत.

विश्वनाथने अधिकाऱ्याला सगळं सरळ सांगितलं. फॉर्म टाइप होऊन आले होते, उरलेला कागद मुंबईत राहत होता. हे खरं मानायला साक्षीदार हवा होता. दिघ्यांचा पत्ता लागत नव्हता. वसंत खिळ्यांपुरता माणूस, त्याला विवरणाबद्दल काय ठाऊक असणार. दर आठवड्याला किती प्रती निघत आणि फॉर्म कुठून आला, हे दोन्ही माहीत असलेला एकच माणूस होता. विश्वनाथने माझं नाव घेतलं नाही. पण कुणीतरी सांगितलं असावं, कारण अधिकारी शाळेत आला.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बोलावलं. मुख्याध्यापक समोरच बसले होते. अधिकाऱ्याने विचारलं की तुम्ही सावे यांच्या छापखान्यात नियमित जात होता का, कामकाजाबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का? मला माझी सहा वर्षांची नोकरी दिसली, राजापूरला असलेले आईवडील दिसले, लग्नाची धाकटी बहीण दिसली.

"मी त्यांचा वाचक आहे," मी म्हणालो. "शाळेतल्या ओळखीने जात होतो. बाकी मला माहीत नाही."

त्याने ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यात मंगलावहिनी मुलींच्या वह्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. माझ्याकडे बघून त्या वर्गात गेल्या आणि पुढची कविता शिकवू लागल्या. त्यांचा आवाज मला माझ्या वर्गापर्यंत ऐकू येत होता.

खोट्या विवरणांचा खटला दोन तारखांत संपला. विश्वनाथने सही आपलीच आहे असं सांगितलं. वकिलाने त्याला दबावाबद्दल बोलायला शिकवलं होतं, तर तो म्हणाला की हात धरून कुणी सही घेतली नव्हती. एक महिन्याची साधी कैद झाली. मी तुरुंगात भेटायला गेलो नाही. रोज जायचं ठरवायचो आणि किलवणीच्या रस्त्याने उलट्या दिशेला चालत सुटायचो.

सुटून आला तेव्हा तो बारीक झाला होता, बाकी तसाच. मी चौथ्या दिवशी गेलो. त्याने बसायला सांगितलं, राजापूरची खुशाली विचारली. मी बोलायला सुरुवात केली, की मी तेव्हा घाबरलो, मला खरं सांगायला हवं होतं, सही कर म्हणणाराही मीच होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुझी नोकरी राहिली, बरं झालं," तो म्हणाला. यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

वहिनींनी चहा आणून ठेवला. त्या एरवी माझ्याशी भरपूर बोलत. त्या दिवशी एवढंच बोलल्या: "भावजी, तुम्ही सांगितलं असतं तरी ते सुटले नसते, हे मला कळतं. पण तिथे एकटे उभे राहिले नसते."

 चहा घेतला आणि निघालो.

त्याच पावसाळ्यात वहिनींनी राजीनामा दिला आणि दोघं घोलवडला गेली. अहमदाबादच्या मंडळीवर खटला झाला की नाही, मला कळलं नाही. 'सह्यतेज' दैनिक आणखी काही वर्षं निघत होतं; शाळेत येई, मी वाचत नसे. मी घोलवडला दोन पत्रं पाठवली. दुसऱ्याचं उत्तर वहिनींच्या अक्षरात आलं. विश्वनाथ चिकूच्या बागायतदारांच्या संघात कामाला लागला होता, करंड्यांवर गावांची नावं घालायचं काम. तब्येत बरी होती. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे, असं लिहिलं होतं. तो नमस्कार त्याने खरंच सांगितला, की वहिनींनी आपणहून लिहिला, हे मला त्या अक्षरावरून ओळखता आलं नाही.

मी सिल्वासात आणखी एकवीस वर्षं शिकवलं. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. घोलवड तिथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. मी गेलो नाही.