भरलेली सॅक

जंगलात जायची तयारी कशी करावी हे नवख्यांना शिकवायला मंडळाला एक नमुन्याची सॅक हवी होती, आणि ती हिंमतरावांचीच हवी होती.

"आहे तशी आण, बाळा. आतलं काही काढू नकोस," रंगनाथकाका फोनवर म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्ष.

हिंमतरावांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. अक्षता म्हणाली, "आणते. पण बाबा कसे गेले ते तुम्ही सांगायचं. सगळं."

"सांगू की. योग्य शब्दांत सांगू."

योग्य शब्दांत म्हणजे कसं, हे पुण्यात वाढलेल्या बाईला वेगळं विचारावं लागत नाही. तरी ती कर्वेनगरहून रिक्षानं निघाली, सॅक मांडीवर घेऊन. बाबांच्या नावाचा पुरस्कार तिला नको होता, फोटोला हारही नको होता. ज्यांच्या हातून घडलं त्यांनी ते एकदा चार माणसांत बोलून दाखवावं, एवढंच तिला हवं होतं.

नारायण पेठेतला हॉल भरला होता. सगळी तरुण मंडळी, पायांत कोरे बूट, काहींचे आईवडीलही सोबत. रंगनाथकाकांनी सॅक टेबलावर घेतली आणि एकेक वस्तू काढून वर धरायला सुरुवात केली.

"ही शिटी. ओरडून घसा बसतो, शिटीचा बसत नाही." लोक हसले. "ही बॅटरी. मोबाइलच्या उजेडावर विसंबाल तर घरी फोन करायला मोबाइल उरणार नाही. आणि हे जर्किन. दिवसा घाम येतो म्हणून फसू नका. डोंगरातली रात्र हाडं गोठवते."

जर्किनची घडी मोडली नव्हती. बाबांनी घातली होती तशीच होती.

"सॅक भरावी तर हिंमतरावांनी," काकांचा आवाज थोडा ओला झाला. "तीस-तीस पोरं घेऊन आम्ही जायचो, पण मागे हिंमतराव आहेत म्हटल्यावर पुढच्याला घोर नसे. ते पोचले की सगळे पोचले. बसच्या दारात त्यांचं 'चला' ऐकू आलं की ड्रायव्हर गाडी चालू करी. वेगळी मोजणी आम्ही कधी केलीच नाही. असा माणूस शेवटी निसर्गानंच आपल्या कुशीत घेतला."

अक्षता वाट बघत होती. काकांनी पाण्याची बाटली उचलली आणि ते पाण्याबद्दल बोलू लागले.

"काका," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ही सॅक घरी कशी आली तेही सांगा ना."

"ते आपण नंतर, अक्षता."

"मग मी सांगते." ती उभी राहिली. "डोंगर उतरताना बाबा दमले होते. केदार म्हणाला, काका, सॅक द्या इकडे. मोठ्या माणसाला ओझं वाहू द्यायचं नाही, चांगलेच संस्कार आहेत. केदार पुढे निघून आला आणि त्यानं सॅक बसमध्ये बाबांच्या सीटवर ठेवली. बसमधल्यांना वाटलं, सॅक आली म्हणजे बाबाही आले, रंगनाथकाकांच्या गाडीत बसले असतील. गाडीतल्यांना वाटलं, ते बसमध्ये असतील. त्या दिवशी 'चला' कुणीच म्हटलं नाही, तरी बस निघाली. पुण्यात चांदणी चौकात सगळे उतरले आणि सॅक उचलायला कुणी आलं नाही, तेव्हा कळलं."

केदार मागच्या भिंतीपाशी उभा होता. मंडळाच्या मोहिमा नेणारा, कोणत्याशा आयटी कंपनीत नोकरी करणारा, सभ्य, उंच मुलगा. तो बुटांकडे बघत होता.

"बाबांचा पाय ओढ्यात मोडला होता. मोडक्या पायानं माणूस जात नाही. ते रात्रीच्या गारठ्यानं गेले. शिटी, बॅटरी, जर्किन, सगळं पुण्याला आलं होतं."

रंगनाथकाकांनी घसा साफ केला. "लेकीचं दुःख आहे, आपण समजून घेऊ. आणि म्हणूनच कार्यकारिणीनं एक निर्णय घेतलाय. यापुढे जंगलातल्या मोहिमांना साठीच्या वरचं कुणीही नाही."

टाळ्या वाजल्या. आईवडिलांनी जरा जास्तच वाजवल्या.

"म्हणजे चूक बाबांच्या वयाची होती," अक्षता म्हणाली.

"चूक कुणाचीच नव्हती, बाळा."

"हो ना? मग नियम कुणासाठी केलात?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. "चहा घेऊ या," काका म्हणाले, आणि लोक सुटल्यासारखे उठले. एक बाई जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. मुलीचा फॉर्म भरायला त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

अक्षतानं टेबलावरचं सामान सॅकेत भरलं. बाबांसारखं जमलं नाही, जर्किन बाहेर फुगून राहिलं. ती जिना उतरून खाली आली तेव्हा मागून पावलं वाजली.

"ताई." केदार होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "मी सांगणार होतो. खरंच. रोज वाटतं मला."

"मग सांग की. सगळे अजून वरच आहेत."

"मला तुमच्यापाशीच..."

"मला माहीत आहे, केदार. मला काय सांगतोस? त्यांनी ते तुझ्या तोंडून ऐकायला हवं. पुढच्या रविवारी ते तुझ्याबरोबर जाणार आहेत."

त्यानं जिन्याकडे पाहिलं. "काकांना वाईट वाटेल, ताई. त्यांचं वय झालंय."

तो एक पायरी चढला आणि थांबला. तेवढ्यात वरून रंगनाथकाकांची हाक आली, "केदार! अरे, खुर्च्या आवरायच्यात!"

"आलो, काका!" तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

अक्षता जिन्याखाली थांबून राहिली. वर कुणी बोलायला लागतंय का, ते ऐकत. बराच वेळ खुर्च्या ओढल्याचाच आवाज येत होता.